सुई मिळेना म्हणून एकच सुई: स्कॉट काउंटीचे प्रकरण

2015 मध्ये अमेरिकेतल्या स्कॉट काउंटीत नशेची सुई वाटून घेतल्यामुळे एचआयव्हीची साथ पसरली, तिचे हे प्रकरण. यातले गाव, तारखा आणि सरकारी निर्णय जाहीर नोंदींतले आहेत. ज्यांना संसर्ग झाला त्यांच्यापैकी कुणाचीही ओळख इथे दिलेली नाही. हा अभ्यास मी त्यांच्यासाठीच लिहिते आहे. त्यांच्याविषयी बहुतेक वेळा आकड्यांत किंवा उपदेशात बोलले जाते, आणि त्यांच्या हाती सुई का नव्हती हा साधा प्रश्न मागे पडतो.

पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या आग्नेय भागात स्कॉट काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग, पण ही काउंटी अगदी लहान आहे. सगळी मिळून वस्ती 24,000 च्या आसपास. तिच्यातले ऑस्टिन हे सुमारे 4,200 वस्तीचे गाव इंडियानापोलिस आणि लुईव्हिल या शहरांना जोडणाऱ्या महामार्गाला लागून आहे. त्या काळात काउंटीतली बेकारी 8.9 टक्के होती, 19 टक्के लोक दारिद्र्यात होते आणि पाचातल्या एका प्रौढाने शाळाही पूर्ण केलेली नव्हती. आरोग्याच्या निर्देशांकांत राज्यातल्या 92 काउंट्यांमध्ये हिचा नंबर शेवटचा, म्हणजे 92 वा होता.

इथे नशेसाठी हेरॉइनपेक्षा वेदनाशामक गोळीचा वापर जास्त होता. ऑक्सिमॉर्फोन हे अफूच्या कुळातले जोरदार औषध आहे. त्याची हळूहळू परिणाम करणारी ओपाना ईआर ही गोळी लोक विरघळवून शिरेत टोचत. गोळी चिरडता येऊ नये म्हणून कंपनीने 2012 मध्ये तिची घडण बदलली होती. हेतू चांगला होता. नाकाने ओढणे अवघड झाले, पण टोचणे थांबले नाही.

गोळी महाग होती. काळ्या बाजारात एकीला शंभर डॉलरांहून जास्त मोजावे लागत. त्यामुळे दोघेतिघे पैसे जमवून एक गोळी आणत, तिचे भाग करत आणि एकाच भांड्यात विरघळवत. परिणाम लवकर ओसरला की पुन्हा टोचायची वेळ येई. सरकारी तपासात लोकांनी दिवसाला 4 ते 15 वेळा टोचत असल्याचे सांगितले. एका बैठकीत एक ते सहा जोडीदार असत. काही घरांत आजी, मुलगी आणि नातवंड अशा तीन पिढ्या एकत्र बसून टोचत होत्या.

हे वाचून 'कसले लोक हे' असे मनात येणे सोपे आहे. मला त्यात दुसरे काही दिसते. अनोळखी माणसाची सुई कुणीही बिचकत घेतो. घरच्या माणसाची सुई घेताना तेवढे बिचकायला होत नाही. लहान गावात जवळजवळ प्रत्येक सुई घरच्याच माणसाची असते.

अडचण

2015 पूर्वी या काउंटीत वर्षाला पाचही नवे एचआयव्ही रुग्ण सापडत नसत. 23 जानेवारी 2015 रोजी राज्याच्या आरोग्य विभागाने रीतसर तपास सुरू केला, कारण संपर्क शोधणाऱ्या कर्मचाऱ्यांना एकमेकांशी जोडलेले 11 रुग्ण सापडले होते. फेब्रुवारीच्या अखेरीस साथ जाहीर झाली. 26 मार्चला रुग्णसंख्या 79 होती, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात 135 आणि 1 नोव्हेंबर 2015 पर्यंत 181. पुढच्या वर्षांत ती 200 च्या वर गेली. या 181 जणांपैकी 92 टक्क्यांना हिपॅटायटिस सी, म्हणजे रक्तातून पसरणारा यकृताचा विषाणूजन्य आजार, सुद्धा होता.

विषाणूंच्या जनुकीय तपासणीत जवळजवळ सगळ्यांचा एचआयव्ही एकाच वाणाचा निघाला. म्हणजे तो बाहेरून अगदी थोड्या वेळा, कदाचित एकदाच, गावात आला आणि हातोहात पसरला. हिपॅटायटिस सी मात्र वेगवेगळ्या वाटांनी, अनेकदा आलेला होता. हा फरक महत्त्वाचा आहे. सुया वाटून घेण्याचे जाळे एचआयव्ही येण्याच्या बऱ्याच आधीपासून गावात तयार होते, आणि हिपॅटायटिस सी त्याची साक्ष देत होता.

मग लोक सुई वाटून का घेत होते? अज्ञान हे याचे फार तोकडे उत्तर आहे. खरे उत्तर हिशेबात आहे. दिवसाला दहा वेळा टोचणाऱ्या माणसाला, दर वेळी नवी सुई वापरायची तर आठवड्याला 70 सुया लागतात आणि महिन्याला 300. त्या कुठून आणायच्या? त्या वेळी इंडियानात सुई-बदल केंद्र, म्हणजे वापरलेल्या सुया घेऊन निर्जंतुक सुया देणारे ठिकाण, चालवणे बेकायदा होते. नशेसाठी सिरिंज जवळ बाळगणे हा सहा महिने ते अडीच वर्षे तुरुंगवासाचा गुन्हा होता. मधुमेह असलेल्या नातेवाइकाकडून मिळेल तेवढीच सुई, आणि ती सिरिंजवरचे आकडे पुसून जाईपर्यंत वापरायची. खिशात सुई सापडली तर अटक, म्हणून बाहेर पडताना कुणी आपली सुई बरोबर नेत नसे. जिथे गोळी तिथेच टोचायचे, आणि तिथे जी सुई असेल ती घ्यायची. सुई बाळगणे गुन्हा ठरवणाऱ्या कायद्यानेच सुई वाटून घेणे हा तिथला रिवाज करून टाकला होता.

नवी सुई असली तरी धोका पुरता टळत नाही, हेही सांगायला हवे. गोळी विरघळवायचे भांडे, गाळायचा कापूस, धुवायचे पाणी, आणि औषधाचे वाटे करायला वापरलेली एकच सिरिंज, या सगळ्यांतून रक्ताचा अंश पुढे जातो. प्रयोगशाळेत सिरिंजमध्ये उरलेल्या रक्तात एचआयव्ही 42 दिवसांपर्यंत जिवंत सापडला आहे, आणि काही प्रकारच्या सिरिंजांत हिपॅटायटिस सी 63 दिवसांपर्यंत. 'कालची सुई आहे, वाळली' या समजुतीला काही आधार नाही.

समोरचे पर्याय

मार्च 2015 मध्ये राज्यासमोर पर्याय मोजकेच होते.

पहिला पर्याय नेहमीचा होता: चाचण्या वाढवायच्या, सापडलेल्यांना औषधे द्यायची, लोकांना धोका समजावून सांगायचा आणि पोलिसी कारवाई कडक करायची. त्याला राजकीय विरोध नव्हता. पण नव्याने संसर्ग झालेल्या माणसाच्या रक्तात पहिल्या काही आठवड्यांत विषाणूचे प्रमाण सर्वांत जास्त असते, आणि त्याच काळात तो दिवसाला दहा वेळा टोचत असतो. चाचणीचा निकाल हाती येईपर्यंत सुई पुढच्या हातात गेलेली असते. शिवाय धाडी वाढल्या की लोक लपतात, आणि लपलेला माणूस चाचणीला येत नाही.

दुसरा पर्याय व्यसनमुक्ती उपचारांचा. बुप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन देऊन टोचण्याची गरजच कमी करणे हा दीर्घकाळासाठी उत्तम मार्ग आहे. पण गावात एकच डॉक्टर होता आणि असे उपचार जवळपास मिळत नव्हते. ती व्यवस्था उभी करायला महिने लागले असते, आणि रुग्ण दर आठवड्याला वाढत होते.

तिसरा पर्याय निर्जंतुक सुया देण्याचा. अमेरिकेत टाकोमा शहरात 1988 मध्येच असे केंद्र सुरू झाले होते. मधल्या 27 वर्षांत जमलेला पुरावा एकाच दिशेला होता: संसर्ग कमी होतो आणि नशा वाढत नाही. अडसर कायद्याचा होता आणि त्याहून जास्त मनाचा. इंडियानाचे गव्हर्नर, म्हणजे राज्य सरकारचे निवडून आलेले प्रमुख, माइक पेन्स यांनी अमली पदार्थविरोधी धोरण म्हणून सुया वाटायला आपला विरोध असल्याचे उघड सांगितले होते. केंद्र सरकारचा पैसाही अशा केंद्रांना वापरता येत नव्हता. 1988 पासूनची ही बंदी 2009 मध्ये उठली आणि 2011 मध्ये पुन्हा लागू झाली होती.

काय केले

26 मार्च 2015 रोजी पेन्स यांनी स्कॉट काउंटीसाठी आरोग्य आणीबाणी जाहीर केली आणि फक्त या काउंटीत, फक्त 30 दिवसांसाठी सुई-बदलाला मुभा दिली. 4 एप्रिलला केंद्र सुरू झाले. पुढे मुदत वाढली आणि 5 मे रोजी कायदा झाला. त्याने इतर काउंट्यांनाही केंद्र मागण्याचा मार्ग दिला, पण अटी घालून: आधी एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस सी ची साथ असल्याचे जाहीर करायचे, मग परवानगी मागायची, आणि सुयांच्या खरेदीला राज्याचा पैसा मिळणार नाही. ज्या साथीला अडवायचे ती आधी सिद्ध करा, असा याचा अर्थ होतो. मला ही अट आजही अस्वस्थ करते.

राज्याचे आरोग्य आयुक्त डॉ. जेरोम अॅडम्स होते, जे पुढे देशाचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याविषयी सरकारच्या वतीने बोलणारे सर्वोच्च डॉक्टर, झाले. सुयांविषयी त्यांचेही आधी शंकेचे मत होते. गावात जाऊन शेरीफशी (काउंटीच्या पोलीसप्रमुखाशी), पाद्र्यांशी आणि कुटुंबांशी बोलल्यावर ते या उपायाचे उघड समर्थक झाले. वरच्या हुकमाइतकेच हे बोलणेही गरजेचे होते. शेरीफ तयार नसता तर केंद्राच्या दारातच अटका झाल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी कुणी आले नसते.

केंद्राच्या जोडीला एकाच छताखाली सगळ्या सेवा आणल्या गेल्या. एचआयव्हीची चाचणी, लसी, उपचारांची नोंदणी तर होतीच, शिवाय ओळखपत्र, जन्मदाखला आणि विमा काढून देण्याचीही सोय होती. राज्याची स्वस्त आरोग्य विम्याची नवी योजना त्याच फेब्रुवारीत सुरू झाली होती, आणि ओळखपत्राशिवाय तिच्यात नाव घालता येत नव्हते. अनेकांकडे कुठलाच कागद नव्हता. जन्मदाखला काढून देणे हे एचआयव्हीविरोधी काम वाटत नाही, पण तिथे ते होते.

केंद्र उघडले तरी सुरुवातीला मोजकेच लोक आले. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा टप्पा हाच आहे. कायदा बदलला, सुया आल्या, फुकट होत्या, आणि तरी लोक येईनात. लहान गावात केंद्राच्या दारात उभे राहणे म्हणजे सगळ्या गावाला सांगणे. अनेकांकडे गाडी नव्हती. पोलिसांनी लावलेला हा सापळा असेल अशीही धास्ती होती. मग आरोग्य कर्मचाऱ्यांनी गाडीत सुया भरून गल्ल्यांमध्ये फिरायला सुरुवात केली, घरांजवळ गाडी थांबवली, लोकांना नावाने हाक मारली. त्यानंतर संख्या वाढली. शहरात केंद्र पायी जाण्याच्या अंतरावर आणि गर्दीत लपलेले असते. गावात दोन्ही गोष्टी नसतात, म्हणून इथे सुईलाच माणसापर्यंत जावे लागते.

दुसरा कळीचा निर्णय सुया किती द्यायच्या हा होता. एक जुनी सुई द्या, एक नवी घ्या, असा काटेकोर नियम ठेवला असता तर ज्याच्याकडे एकच सुई होती त्याला एकच मिळाली असती. तसे न करता दिवसातून किती वेळा टोचता हे विचारून आठवडाभर पुरतील इतक्या सुया दिल्या गेल्या. वापरलेल्या सुया परत आणायला सांगितले आणि त्यासाठी कडक डबे दिले.

तिसरा निर्णय ओळखकार्डाचा. केंद्रात नाव नोंदवणाऱ्याला कार्ड मिळे. ते दाखवले की सुईसाठी अटक नाही. कार्डाविना सुई सापडली तर गुन्हा कायम. पोलिसांची संमती मिळवायला ही तडजोड उपयोगी पडली. पण ज्याला आपले नाव कुठेच नोंदवायचे नव्हते, तो आधी होता तिथेच राहिला.

परिणाम

4 एप्रिल ते 30 ऑगस्ट 2015 या काळात केंद्रात आलेल्यांपैकी 148 जणांच्या पहिल्या आणि नंतरच्या भेटीतल्या उत्तरांची तुलना केली गेली. दुसऱ्याची सुई वापरून टोचणाऱ्यांचे प्रमाण 18 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर आले. औषधाचे वाटे करायला एकच सिरिंज वापरण्याचे प्रमाण 19 वरून 4 टक्क्यांवर आणि भांडे, कापूस वगैरे वाटून घेण्याचे 24 वरून 5 टक्क्यांवर उतरले. एकच सुई साधारण दोनदा वापरली जाई, ती एकदाच वापरली जाऊ लागली.

हे आकडे लोकांनी स्वतः सांगितलेले आहेत, आणि सुई देणाऱ्यासमोर माणूस थोडे बरे उत्तर देतो, हे लक्षात ठेवायलाच हवे. जे परत आले त्यांचीच ही उत्तरे आहेत. जे एकदा येऊन गेले किंवा आलेच नाहीत त्यांच्याविषयी ती काही सांगत नाहीत. तरीही पाच महिन्यांत एवढा फरक पडला, तोही त्याच माणसांमध्ये, त्याच गरिबीत, त्याच गोळीसह. बदलले होते ते मुख्यतः एवढेच की सुई हाताशी होती आणि ती बाळगायला भीती नव्हती.

नवे रुग्णही घटत गेले. त्याचे सगळे श्रेय सुयांना देणे बरोबर नाही. शेकडो लोकांच्या चाचण्या झाल्या, औषधांनी अनेकांच्या रक्तातला विषाणू दबला, आणि बरेचसे जोडीदार तोवर बाधित होऊन गेलेले होते. 2020 पर्यंत वर्षाचे नवे रुग्ण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. ओपाना ईआर ही गोळी तिच्या गैरवापराचे परिणाम पाहून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये बाजारातून काढून घ्यायला सांगितली.

गावाबाहेरही पडसाद उमटले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने (सीडीसी) अशीच साथ येऊ शकेल अशा 220 काउंट्यांची यादी केली. त्या 26 राज्यांत पसरलेल्या होत्या आणि बहुतेक ग्रामीण होत्या. केंद्र सरकारच्या पैशावरची बंदी अंशतः सैल झाली. सुया विकत घ्यायला तो पैसा तेव्हाही चालत नव्हता, पण पगार, गाडी, चाचण्या यांना चालू लागला.

मग 2 जून 2021 रोजी स्कॉट काउंटीचा कारभार पाहणाऱ्या तिघांच्या आयुक्त मंडळाने दोन विरुद्ध एक मतांनी केंद्र बंद करायचे ठरवले. मुदत त्या वर्षाअखेरची दिली. त्याआधीच्या बैठकीत डॉ. अॅडम्स स्वतः येऊन केंद्र चालू ठेवा असे विनवून गेले होते. बंद करण्याच्या बाजूच्या आयुक्तांचे म्हणणे असे की मद्यपीला आपण दारूची बाटली विकत आणून देत नाही, मग नशा करणाऱ्याला सुई का द्यायची. त्यांच्यासमोर नशेच्या अतिमात्रेने (ओव्हरडोसने) मेलेल्यांची कुटुंबे होती आणि त्यांचे दुःख खोटे नव्हते. पण या तुलनेत चूक आहे. बाटली ही नशा आहे. सुई नशा नाही. नशा त्या माणसाकडे आधीच आलेली असते. ती त्याच्या शरीरात जाताना दुसऱ्याचे रक्त बरोबर जाणार की नाही, एवढेच नव्या सुईवर ठरते.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठा निर्णय-क्षण 2015 मध्ये नव्हताच. आग्नेय इंडियानात हिपॅटायटिस सी 2010-11 मध्येच वाढलेला दिसला होता. काउंटीत एचआयव्हीची चाचणी करणारे जे एक केंद्र होते, ते निधीअभावी 2013 मध्ये बंद पडले. लॅन्सेट एचआयव्ही या नियतकालिकात 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासाने मागे जाऊन हिशेब मांडला. 2015 मध्ये झाला तसा प्रतिसाद 1 जानेवारी 2013 पासून मिळाला असता तर ऑगस्ट 2015 पर्यंतचे सुमारे 183 संसर्ग 56 किंवा त्याहून कमी राहिले असते. एप्रिल 2011 पासून मिळाला असता तर दहा किंवा त्याहूनही कमी. त्याच अभ्यासानुसार निदान न झालेले संसर्ग 10 जानेवारी 2015 च्या सुमारास सर्वाधिक होते. म्हणजे आणीबाणी जाहीर झाली तेव्हा लाटेचा माथा दोन महिने मागे पडला होता.

हे गणित प्रतिमानाचे, म्हणजे समीकरणांनी उभ्या केलेल्या अंदाजाचे आहे, त्यात गृहीतके आहेत. तरी हिपॅटायटिस सी वाढला की एचआयव्हीची वाट न बघता सुया पोहोचवायला लागायचे, एवढी गोष्ट त्यातून पक्की होते. तरुणांमध्ये हिपॅटायटिस सी चे रुग्ण दिसू लागले की तिथे सुया वाटून घेतल्या जात आहेत, याहून स्पष्ट खूण मिळत नाही.

23 जानेवारी ते 4 एप्रिल हे दहा आठवडे कायद्याशी झगडण्यात गेले. इंडियानाच्या आरोग्य आयुक्ताला स्वतःच्या अधिकारात केंद्र उघडता आले असते तर रुग्णसंख्या 11 असतानाच सुया पोहोचल्या असत्या, 79 झाल्यावर नाही. आणि ती मुभा 30 दिवसांची नसती तर बरे झाले असते. महिनाभरात पुन्हा बंद होणाऱ्या ठिकाणी नाव नोंदवायला कोण येईल?

कार्डाची अट मी ठेवली नसती. सुई बाळगणे हा गुन्हाच काढून टाकला असता, निदान काउंटीपुरता. मग एक माणूस केंद्रात येऊन घरातल्या चौघांसाठी, शेजारच्या दोघांसाठी सुया नेऊ शकला असता. जिथे तीन पिढ्या एकत्र टोचतात तिथे आजी केंद्रात येईल, नातू येणार नाही. आजीच्या पिशवीतून नातवापर्यंत नवी सुई जाणे हे ग्रामीण भागातले खरे वाटप आहे. त्याला गैरवापर समजून अडवले की सुई आजीपाशीच थांबते.

सुयांच्या पाकिटात पहिल्या दिवसापासून प्रत्येकाचे वेगळे भांडे, कापूस आणि पाणी हवेच, आणि टोचणे दिवसाला पंधरा वेळा असेल तर सुया पंधरा सात्ते एकशे पाच हव्यात, पन्नास नव्हेत. कमी दिल्या की आठवड्याच्या शेवटच्या तीन दिवसांत जुनीच सुई पुन्हा हातात येते.

केंद्र टिकवण्याचा विचारही फार उशिरा झाला. ते चालू ठेवायचे की नाही हे तीन निवडून आलेल्या माणसांच्या मतावर सोडलेले होते, आणि साथ ओसरल्यावर ती आठवणही ओसरली. रुग्ण कमी झाले हेच केंद्र बंद करण्याचे कारण बनले. दर तिमाहीला किती सुया गेल्या, किती परत आल्या, किती जण उपचारांना लागले, किती जणांना अतिमात्रेतून वाचवले, हे गावासमोर साध्या भाषेत मांडले गेले असते, आणि ते मांडायला केंद्रात येणारी माणसे स्वतः उभी राहिली असती, तर एका मताचा फरक कदाचित उलटा पडला असता. त्या माणसांना बैठकीत बोलावण्यासाठी त्यांची नावे सुरक्षित राहतील अशी काही सोय आधी करावी लागली असती. 2021 मध्ये इंडियानात केंद्राच्या कार्डाविना सुई बाळगणे अजूनही गुन्हाच होता.